तांबडीतली दुसरी सीट

माझ्या वहिनीबद्दल, म्हणजे तुंगाबाईबद्दल, मल्लेश्वरममध्ये जुन्या माणसांना विचारलंत तर ते म्हणतील, "त्या कार कृष्णाजीची बायको ना? चांगली होती." एवढंच. कार कृष्णाजी म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा. त्याचं नाव अजून निघतं. सुब्बाराव वकिलांची ती दोन माणसांची, वरून उघडी, लाल इंग्रजी गाडी त्याने सोळा वर्षं चालती ठेवली. सुटे भाग मिळत नव्हते, गॅरेजवाले हात लावायला धजत नव्हते, तरी घरच्या घरी ठेवली. लोक हे सांगतात तेव्हा मी गप्प बसते. आता वय झालं, आणि गप्प बसायचा कंटाळा आला.

आमचे वडील जटका चालवायचे. बेंगळूरात घोड्याच्या टांग्याला जटका म्हणतात. घोडा मेला, मागोमाग वडील गेले, आणि घराच्या मागे रिकामा तबेला उरला. वकिलांनी ती गाडी मायदेशी परत निघालेल्या कुणा साहेबाकडून घेतली होती, पण त्यांच्या शेडमध्ये घरची मोठी मोटार उभी असायची, आणि त्यांच्या बायकोला ही लाल वस्तू डोळ्यांसमोर नको होती. अण्णा इंजिनांच्या कारखान्यात फिटर. वकिलांनी पन्नास साली गाडी आमच्या तबेल्यात आणून लावली आणि अण्णाच्या हवाली केली. रविवारी सकाळी यायचं, क्लबात किंवा नंदीच्या डोंगराकडे भटकून यायचं, गाडी परत लावून जायचं, असा त्यांचा शौक. आम्ही तिला तांबडी म्हणायचो. पुढच्या वर्षी घरात वहिनी आली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

वहिनी येलहंक्याची. वडील रेल्वेत होते, ते लवकर वारले. आई गंगव्वा स्टेशनजवळच्या घरात एकटी राहायची. वहिनी लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तबेल्यात झाडू मारताना तिने अण्णाला विचारलं, "हिच्यातून येलहंक्याला जायला किती वेळ लागेल हो?"

"अर्धा तास. का?"

"काही नाही. आईच्या दारात उतरायचं होतं."

अण्णा हसला. "जाऊ की एकदा. काय मोठं?"

ते 'एकदा' मी पुढे पंधरा वर्षं ऐकलं.

अण्णाचा हात जड होता. कारखान्यातल्या मोठ्या इंजिनांना तो शोभायचा, तांबडीला नाही. एकदा पेट्रोलची टाकी सांध्यातून झिरपू लागली. अण्णा म्हणाला, टाकी उतरवून डाख द्यायला हवा, आणि तो शिफ्टला निघून गेला. वहिनीने कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली, जराशी ओली केली आणि त्या सांध्यावर घासघासून बसवली. घासलेटच्या डब्याला ती हेच करायची. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने ते स्वयंपाकघरात पाहिलेलं होतं. झिरपणं थांबलं. रविवारी वकील म्हणाले, "शाब्बास, कृष्णाजी!" अण्णाने मान लववली. मला वाटलं, आता तो वहिनीचं नाव सांगेल. मी लहान होते.

मग ती रीतच पडली. रेडिएटर गळला की वहिनी पाण्यात चमचाभर हळद टाकायची. गरम पाण्याबरोबर हळद फिरते आणि बारीक भोकात जाऊन बसते. पण चमचा सपाट हवा, शिगोशीग भरला तर आतल्या नळ्याच बुजतात. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा पंप टकटक करायला हवा. तो मुका राहिला तर लाटण्याच्या टोकाने दोन हलके टोले द्यायचे. गॅस्केट फाटलं की जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा त्या भागावर ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकत जायचं. लोखंडाच्या धारेवर पुठ्ठा आपोआप कापला जातो, मग तो एरंडेलात भिजवून बसवायचा. चाकांच्या तारांवर ती पळी वाजवत जायची. घट्ट तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. ठिणगीच्या पॉइंटांमधली फट ती पोस्टकार्डाने मोजायची, आणि त्यासाठी एक कार्ड तिने कायमचं फळीवर ठेवलं होतं. ते गंगव्वाने शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं होतं. त्यात चार ओळी होत्या आणि शेवटची ओळ होती, 'कधी येतेस ते कळव.'

गाडीचं कापडी छप्पर फाटलं तेव्हा वहिनीने जाड कॅनव्हास हाताने शिवला. बोटं इतकी टोचली की आठ दिवस तिला भाकरी थापता येईना, मीच वेड्यावाकड्या थापल्या. अण्णाने त्या खाल्ल्या आणि नाक मुरडलं.

सगळ्यात नाजूक काम कार्बुरेटरचं. तांबडीला दोन कार्बुरेटर होते, एक पुढे, एक मागे. दोघांनी हवा सारखी ओढली तरच इंजिन गोड चालायचं. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरायचं, आणि दोन्हींची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. अण्णाला हे येत होतं. पण कारखान्यात त्याला इंजिनं तपासायच्या शेडमध्ये टाकलं होतं, आणि तिथल्या गोंगाटाने दोन-तीन वर्षांत त्याचे कान बसले. घरात हाक मारली तर तो मान वळवायचा नाही. वकिलांना कळलं तर गाडी जाईल, या भीतीने त्याने ते लपवलं. एके शनिवारी तो नळी धरून उकिडवा बसला होता. स्क्रू फिरवून फिरवून घामाघूम झाला, आणि गाडी खोकतच राहिली. वहिनीने त्याच्या हातातून नळी घेतली आणि स्वतःच्या कानाला लावली.

"मागचा कमी आहे," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"दोन स्टो शेजारी पेटवले की कुठला मंद जळतोय ते डोळे मिटून कळतं. फिरवा. स्वल्प. अजून स्वल्प. पुरे."

इंजिन एका लयीत चालू लागलं. त्या दिवसापासून दर शनिवारी ती नळी वहिनीच्या कानाला असायची. अण्णा फक्त स्क्रू फिरवायचा. रविवारी वकील ऐकून म्हणायचे, "कृष्णाजी, तुझे कान म्हणजे कान आहेत." आणि माझा ठार बहिरा होत चाललेला भाऊ खुशाल हसायचा. मला त्याची कीव यायची आणि चीडही यायची. आता नुसती चीड येते.

काम झालं की फेरी मारून पाहावी लागे. अण्णा बळ्ळारी रस्त्याने हेब्बाळच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचा. येलहंका त्याच रस्त्यावर पुढे आहे. शेजारच्या सीटवर कोण? तर कोपऱ्यावरचा सायकलवाला देवाप्पा. वहिनी दार उघडून उभी राहायची, गाडी बाहेर पडली की दार लावून घ्यायची. एकदा मीच विचारलं, "अण्णा, वहिनीला का नेत नाहीस?" तर म्हणाला, "दुसऱ्याच्या गाडीत बायकोला मिरवलं तर लोक काय म्हणतील?" देवाप्पाला मिरवल्याबद्दल लोक काही म्हणत नव्हते.

एकोणसाठ सालचा दसरा आला. वकील सहकुटुंब म्हैसूरला निघाले आणि जाताना स्वतःहून म्हणाले, "कृष्णाजी, दसऱ्याचे दोन दिवस गाडी तुझी. घरच्या लक्ष्मीला फिरवून आण." वहिनी ओट्यावरच होती. तिने ऐकलं. त्याच दुपारी तिने स्टेशनावरच्या ओळखीच्या माणसाबरोबर येलहंक्याला निरोप धाडला, आई, खंडेनवमीला मी गाडीतून येते. मग ती दोन दिवस गाडीला लागली. चामड्याला खोबरेल आणि मेण चोळलं, दिव्यांच्या कड्यांना लिंबू आणि राखेने चकाकी आणली, कार्बुरेटर असे जुळवले की इंजिन चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागे.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा. पान्हे, हातोड्या, कात्री, विळी, सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. ती आयुधांची विश्रांती. वहिनीची रबरी नळीही पाटावर होती. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. इंजिनाचीही पूजा व्हावी म्हणून अण्णाने बॉनेट उघडलं. कार्बुरेटरच्या तोंडावरची जाळी घासायला काढली होती, ती अजून लावायची होती. अण्णाने मंत्र म्हणत मूठभर अक्षता इंजिनावर उधळल्या. अण्णाला भक्ती आली की मूठ आवरत नसे.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, कोहळा फोडला, अण्णाने गाडी सुरू केली. लिंबं चिरडून गाडी दोन हात पुढे आली आणि इंजिन जे किंचाळायला लागलं ते खाली येईना. घाबरून अण्णाने बंद केलं. वहिनी हिरवं इरकल नेसून, केसात मोगरा माळून उभी होती. तिने नुसती मान तिरपी केली.

"मागच्यात अक्षत गेलीय. झडप मिटत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, माझ्या अंबाड्यातला आकडा पुरे."

"आज लोखंड लावायचं नाही गाडीला," अण्णा म्हणाला.

"आकडा काय आयुध आहे?"

"तू त्याने काम करणार, म्हणजे आयुधच की."

आयुष्यात एकदाच माझ्या भावाने तिच्या कामाला काम म्हटलं, ते हे. वहिनी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हणून आत गेली आणि तिने इरकल घडी करून ठेवलं.

दसऱ्याच्या दिवशी उजाडताच तिने आकड्याने तो तांदळाचा दाणा काढला. खरंच दोन मिनिटं लागली. गाडी पुन्हा गोड चालू लागली. वहिनी पुन्हा इरकल नेसली. तेवढ्यात येलहंक्याहून गंगव्वाचा निरोप घेऊन माणूस आला. तिच्या शेजारच्या घरातला मुलगा पोस्टात होता, माझ्यासाठी त्याच्याशी बोलणं चाललं होतं. त्याच्या घरच्यांनी कळवलं होतं, आजचा दिवस चांगला आहे, सोनं द्यायच्या निमित्ताने मुलीला घेऊन या.

अण्णाने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अनसूया गाडीतून उतरली तर काय वजन पडेल, सांग बघू," तो वहिनीला म्हणाला. "तुझं काय, आपण पुढच्या वेळी जाऊ."

सीट दोनच होत्या. मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते. मी 'नको' म्हणायला हवं होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलंही नाही. मला त्या गाडीत बसायचं होतं. वहिनी माझ्या विटलेल्या पातळाकडे बघून म्हणाली, "हे नेसून कशी जाशील गं?" आणि आत जाऊन अंगावरचं इरकल उतरवून तिने ते मला नेसवलं. निऱ्या तिनेच घातल्या. मी आरशात बघत होते. तिच्याकडे बघितलं नाही.

येलहंक्याला गाडी वळली तेव्हा गंगव्वा आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. लेकीचा निरोप मिळाल्यापासून तिने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, आणि कालचा अख्खा दिवस वाट पाहिली होती. लांबून लेकीचं हिरवं इरकल पाहून ती मोठ्याने म्हणाली, "आली बघा माझी तुंगा!" गाडी थांबली. मी उतरले. म्हातारीने मला पाहिलं, मग गाडीत बघितलं, तिथे आणखी जागाच नव्हती. पेटवलेली आरती विझवायची कशी, म्हणून तिने ती मला ओवाळली. "बरं केलंस बाई, आलीस," एवढंच बोलली.

लग्न ठरलं. ज्या गाडीच्या वजनावर ठरलं ती वकिलांची, हे सासरी महिनाभरातच कळलं, आणि पुढे जन्मभर मला 'गाडीवाल्याची बहीण' म्हणून टोमणे मिळाले. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. तो हिशेब मला पटतो.

पुढचा दसरा आला, त्याच्या पुढचाही आला. वकिलांनी पुन्हा कधी गाडी सोडली नाही, आणि अण्णाने कधी विचारलं नाही. चौसष्ट साली गंगव्वा पहाटे अचानक गेली. माझं सासर शेजारीच, मीच माणूस पाठवला. वहिनी म्हणाली, गाडी काढा. गाडी तबेल्यात तयार होती, आदल्या दिवशी तिनेच जुळवलेली. अण्णा म्हणाला, "वकीलसाहेबांना विचारल्याशिवाय कशी काढायची?" विचारायला तो गेलाही नाही. वहिनी दुपारच्या पॅसेंजरने आली. तोवर लोक स्मशानातून परत येत होते. ती आईच्या ओट्यावर बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "अनू, अर्ध्या तासाची तर वाट होती गं." मला तिच्यासमोर उभं राहवेना.

सहासष्टमध्ये वकिलांची नजर गेली आणि त्यांनी गाडी विकली. घेणारा एक तरुण हवाई दलातला अधिकारी, पुण्याकडचा, नेमणूक येलहंक्याला. तो रविवारी गाडी न्यायला आला. मी माहेरी आलेली होते. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून ऐकलं, आपल्यालाही कळतं हे दाखवायला मागचा एक स्क्रू इकडेतिकडे केला, आणि अण्णाला म्हणाला, "काका, एवढ्या जुन्या गाडीचे कार्बुरेटर इतके जुळलेले मी पाहिले नव्हते. काय कान आहेत तुमचे!" अण्णाला ते ऐकू आलं नव्हतं. चेहऱ्यावरून ओळखून तो सवयीने हसला. वहिनी कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होती.

अधिकाऱ्याने वही काढली. वर 'कृष्णाजी' असं लिहून त्याने मोठ्या आवाजात विचारलं, "काका, तुमच्या युक्त्या सांगून ठेवा." अण्णा सांगू लागला. टाकीला साबण, पंपाला टोला. "रेडिएटरला हळद. चमचा चांगला शिगोशीग भरून."

"सपाट," दारातून वहिनी म्हणाली.

अधिकारी हसला. "अरे वा, काकूंनाही माहीत आहे!"

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काकूंनाही नाही, काकूंनाच! हे कान हिचे आहेत. तो बारा वर्षं बहिरा आहे. तुमच्या वहीतलं नाव खोडा आधी."

"अनसूया, गप्प बस!" अण्णा ओरडला. हे मात्र त्याला बरोबर ऐकू आलं. पण मी थांबले नाही. नळी, छप्पर, पोस्टकार्ड, सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की ही बाई या गाडीत एकदाही बसलेली नाही.

तो मुलगा भला होता. त्याचा चेहरा पडला. त्याने गाडीचं डावं दार उघडलं. "काकू, बसा. येलहंक्याला तुमचं माहेर ना? तिथपर्यंत जाऊन येऊ."

"तिथे आता कोण आहे?" वहिनी म्हणाली. "हेब्बाळपर्यंत चालेल."

तिने अण्णाकडे पाहिलं. अण्णा जमिनीकडे बघत होता. तिने पेले माझ्या हातात दिले, पदराने सीट पुसली आणि बसली. घरच्याच साध्या लुगड्यात. तबेल्याचं दार त्या दिवशी मी उघडलं आणि मीच लावलं.

पंचवीस मिनिटांनी ते परत आले. वहिनी उतरली. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. मी धावत पुढे गेले. "वहिनी, कसं वाटलं? तळं दिसलं? भरलंय का यंदा?"

"पाहिलं नाही गं," ती म्हणाली. "मागचा कमी पडत होता. या साहेबांनी स्क्रू हलवला ना, तेव्हापासून. सगळा वेळ तेच ऐकत बसले."

तिने खुंटीवरची नळी काढली, बॉनेट उघडलं आणि नळी कानाला लावली. अधिकाऱ्याला म्हणाली, "फिरवा. स्वल्प. अजून स्वल्प. पुरे." इंजिन एका लयीत चालू लागलं. मग तिने नळी गुंडाळून त्याच्या हातात ठेवली आणि गाडी येलहंक्याच्या रस्त्याला लागली.

वहिनीला जाऊन आता किती वर्षं झाली. मला अजून ती पंचवीस मिनिटं खुपतात, कारण तोच रस्ता मी तिच्या इरकलात बसून पाहिला होता. मेखरीची कमान, रस्त्यावर वाकलेली चिंचेची झाडं, भरलेलं तळं, काठावरचे पांढरे बगळे, सगळं मला आजही आठवतं. इंजिनाचा आवाज मात्र आठवत नाही. आदल्या दिवसापासून तिने तो इतका जुळवून ठेवला होता की मला तो ऐकूच आला नव्हता.